भरणाऱ्यांनीच अजून किती भरायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही फ्लॅटमध्ये राहत असाल तर वाचा. ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. म्हणजे येत्या काही आठवड्यांत तुमच्याकडेही "मेंटेनन्स वाढवायचा का" हा विषय येणारच.

आमच्याकडे आलाय. अजेंडा हातात पडलाय. विषय क्रमांक ४ : मासिक मेंटेनन्स ७०० रुपयांवरून ९५० रुपये करणे. दुपारपासून व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, वाढवल्याशिवाय पर्याय नाही. दुसरी म्हणते, एक रुपया वाढू देणार नाही. माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी साधा हिशोब बघू. आमची छोटी बिल्डिंग. २४ फ्लॅट. महिन्याला ७०० प्रमाणे सगळ्यांनी भरले तर १६,८०० रुपये जमतात. खर्च किती? वॉचमन आणि झाडझूड मिळून ९,०००. मोटर, जिना आणि लिफ्टचं लाइट बिल साधारण ४,५००. लिफ्टच्या देखभालीचे २,०००. किरकोळ १,०००. एकूण १६,५००. म्हणजे सगळ्यांनी भरलं तर खर्च भागतो. काठावर का होईना, पण भागतो.

मग अडचण कुठे आहे? २४ पैकी ६ फ्लॅट पैसेच भरत नाहीत. काही दोन वर्षांपासून, काही त्याच्याही आधीपासून. भरणारे उरले १८. त्यांचे जमतात १२,६००. दर महिन्याला ३,९०० चा खड्डा. हा खड्डा आजवर बँकेतल्या शिल्लक रकमेतून भरत आलो. ती आता संपत आली.

आता प्रस्ताव बघा. ९५० केले की १८ जणांचे होतात १७,१००. खर्च भागला! कमिटी खूश. पण हे वाढीव २५० रुपये कोण देतंय? तेच १८ जण. वर्षाला प्रत्येकी ३,००० आणि सगळे मिळून ५४,०००. आणि ते ६ फ्लॅट वर्षाला बुडवतात किती? ५०,४००.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. विषय क्रमांक ४ ला अजेंड्यावर "दरवाढ" म्हटलंय. खरं तर ती सहा जणांची थकबाकी अठरा जणांच्या नावावर चढवणं आहे. आणि त्या सहा जणांचं काय होणार? त्यांच्या नावापुढे ७०० ऐवजी ९५० थकीत लिहिले जातील. कागदावर. जो ७०० देत नाही, तो ९५० झाले म्हणून द्यायला लागेल असं कोणाला वाटतं का?

पुढच्या वर्षी त्या १८ मधला एखादा म्हणेल, "मी कायले देऊ बावा? न देणाऱ्याचं काय वाकडं झालं?" आणि त्याच्याकडे उत्तर मागायची सोय राहणार नाही. सहाचे आठ होतील, आठाचे दहा. मग ९५० चे १,३००. लिफ्ट बंद पडून "नादुरुस्त" अशी पाटी लागलेल्या बिल्डिंगी आपण सगळ्यांनीच बघितल्यात. त्यातल्या बऱ्याच अशाच बंद पडतात, एकेक हप्ता चुकत.

आता थकबाकीदार म्हटलं की सगळे एकाच काठीने हाकायचे, हेही मला पटत नाही. आमच्या आणि ओळखीच्या तीन-चार सोसायट्यांत मी जे पाहिलं त्यावरून चार प्रकार दिसतात.

पहिला, बाहेर राहणारा मालक. "भाऊ, मी तर पुण्याले राहतो, फ्लॅट बंदच हाय, मग मेंटेनन्स कायचा देऊ?" अहो, फ्लॅट बंद असला तरी वरची गच्ची, खालचा पाया, जिना आणि रात्रीचा वॉचमन तुमच्याही फ्लॅटला सांभाळतोच ना? उद्या विकायला काढाल तेव्हा रेट चालू बिल्डिंगचा पाहिजे की पडक्या? वापरत नाही म्हणून वर्गणी नाही, हे कायद्यात बसत नाही. सोसायटीतही नाही आणि अपार्टमेंटमध्येही नाही.

दुसरा, भाड्याने देणारा. सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम या दोन मेडिकल कॉलेजांमुळे वर्ध्यात फ्लॅटला भाडेकरू मिळतो, याचा फायदा किती तरी जण घेतात. घ्यावा. पण दर महिन्याला भाडं खिशात घालून मेंटेनन्सचं विचारलं की "किरायेदाराला विचारा" आणि किरायेदाराला विचारलं की "मालकाला विचारा". जबाबदारी सभासदाची असते, म्हणजे मालकाची. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सरकारचा २००१ चा आदेश आहे. त्यामुळे "भाडेकरू ठेवला म्हणून दुप्पट मेंटेनन्स" असले ठराव करणाऱ्या कमिट्यांनीही जरा थांबावं.

तिसरा, रागावलेला. ह्याच्या छतातून पावसाळ्यात पाणी गळतं. चार अर्ज दिले, कोणी बघायला आलं नाही. मग त्याने पैसे बंद केले. ह्याचा राग खरा आहे, उपाय चुकीचा आहे. पैसे थांबवून गळती थांबत नाही, उलट दुरुस्तीला पैसे उरत नाहीत. पण कमिटीनेही एक गोष्ट कबूल करावी. ज्याच्या अर्जाला लेखी उत्तर दिलं नाही, त्याला वसुलीची नोटीस देताना तोंड वर करून बोलता येत नाही.

चौथा, ज्याच्याकडे खरंच नाही. कंत्राटावर काम, तीन-तीन महिने पगार नाही. घरात दवाखाना. आधी नियमित भरत होता, आता थांबलाय. हा माणूस सभेला येत नाही, जिन्यात भेटला तर नजर चुकवतो. त्याला हप्ते बांधून द्या, व्याज माफ करा, आणि ही गोष्ट ग्रुपवर टाकू नका. आपण शेजारी आहोत, सावकार नाही.

गंमत अशी की आपला सगळा राग चौथ्यावर निघतो, कारण तो समोर सापडतो. पहिला आणि दुसरा सापडतच नाहीत.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "सरळ पाणी तोडा, दोन दिवसांत पैसे येतील." पंधरा जणांनी अंगठा दिला. मंडळी, हे करू नका. थकबाकीसाठी पाणी तोडायचा अधिकार सोसायटीला कायदा देत नाही. धामचं पाणी आपल्या टाकीत येतं, ते आपल्या मालकीचं होत नाही. असं केलं की पैसे बुडवणारा पोलिसात जातो, तो फिर्यादी होतो आणि अध्यक्ष-सेक्रेटरी आरोपी. मूळ थकबाकीचा विषय मग पाच वर्षं मागे पडतो.

वसुलीचा रस्ता कायद्यात आहे आणि तो चांगला धारदार आहे. आपणच वापरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१ लोकांना ऐकून माहीत असतं. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात हीच तरतूद आता कलम १५४ब-२९ खाली आहे. करायचं काय? सभेचा ठराव, बिलांच्या प्रती, दिलेल्या नोटिसा आणि त्या सभासदाचा खातेउतारा घेऊन निबंधकांकडे अर्ज करायचा. निबंधक दोन्ही बाजू ऐकून वसुली दाखला देतात. दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, मालमत्ता जप्तीपर्यंत. दाखल्याविरुद्ध वर पुनरीक्षणात जायचं असेल तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तारीख पे तारीख खेळणाऱ्यांना इथे चाप बसतो.

आणि हो, लेखी मागणी करूनही तीन महिन्यांत न भरणारा सभासद कमिटीत बसू शकत नाही. काही सोसायट्यांत थकबाकीदारच कमिटीत असतो आणि तोच वसुलीच्या ठरावाला "बघू पुढच्या मीटिंगला" म्हणतो. आपली यादी एकदा तपासून घ्या.

व्याजाचंही समजून घ्या. आदर्श उपविधीप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज लावता येतं. चक्रवाढ नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात हा दर १२ टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव आला. म्हणजे २१,००० च्या थकबाकीवर वर्षाचं व्याज ४,४१० ऐवजी २,५२०. मला १२ टक्के बरोबर वाटतात. थकबाकीदाराला भीती व्याजाच्या टक्क्याची नसते. नोटीस खरंच येईल का, याची असते. २१ टक्के कागदावर ठेवून दहा वर्षं नोटीसच न काढणाऱ्या सोसायटीपेक्षा १२ टक्के लावून चौथ्या महिन्यात नोटीस देणारी सोसायटी केव्हाही बरी.

इथे एक अडचण आपल्या भागातली आहे. पुण्या-मुंबईकडचे नियम वाचून आपण भांडतो, पण विदर्भात बऱ्याच बिल्डिंगी सहकारी सोसायटी नाहीतच. त्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत. दोन्हीत फरक आहे. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. वॉचमन मोठ्या फ्लॅटसमोर जास्त वेळ उभा राहत नाही, असा त्यामागचा साधा विचार, आणि मुंबई उच्च न्यायालयाने व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात तो मान्य केलेला आहे. अपार्टमेंटमध्ये मात्र सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. शिवाय तिथे फ्लॅट विकला तर आधीची थकबाकी विकणाऱ्यासोबत घेणाऱ्याच्याही डोक्यावर येते. त्यामुळे सभेत टेबल बडवायच्या आधी आपला कागद काढून बघा की आपण नेमके कोण आहोत. अर्धी भांडणं तिथेच मिटतील. आणि फ्लॅट विकत घेत असाल तर थकबाकी नसल्याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो. "एक रुपया वाढू देणार नाही" वाले. तुमच्यात मी नाही.

कारण वर दिलेला १६,५०० चा खर्च हा फक्त आजचा खर्च आहे. बिल्डिंग म्हातारी होते त्याचा पैसा त्यात कुठे आहे? आदर्श उपविधी सांगतात की बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमा करावा. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च १० लाख धरला. सिंकिंग फंड झाला वर्षाला २,५००, म्हणजे महिन्याला साधारण २०८ रुपये. दुरुस्ती निधी वर्षाला ७,५००, म्हणजे महिन्याला ६२५. दोन्ही मिळून ८३३. आमच्याकडे हे दोन्ही आजवर शून्य आहे. तुमच्याकडेही बहुतेक तेच असेल, पासबुक मागून बघा.

म्हणजे आपण जे ७०० भरतो, ते कमीच आहेत. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन गच्चीच्या स्लॅबवर काय करतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. ऊन तडे पाडतं, जुलैचा पाऊस त्यात उतरतो. पंधरा वर्षांनी वॉटरप्रूफिंग, वीस वर्षांनी लिफ्ट, पाइपलाइन, रंग. त्या वेळी प्रत्येकाकडून एकदम साठ-सत्तर हजार मागितले तर रिटायर झालेल्या काकांनी कुठून आणायचे? दर महिन्याचे दोन-तीनशे त्यांना जमतात. एकदम साठ हजार जमत नाहीत. म्हणून जो आज "एक रुपया वाढू देणार नाही" म्हणतो, तो खरं तर उद्याचं मोठं बिल सगळ्यात गरीब शेजाऱ्यावर फाडतोय.

तेव्हा माझा विरोध वाढीच्या कारणाला आहे. थकबाकीचा खड्डा बुजवायला २५० मागाल तर माझा हात खाली. सिंकिंग फंडात, वेगळ्या खात्यात, वेगळ्या पावतीने २५० मागाल तर सगळ्यात आधी मी हात वर करतो.

थकबाकी आणि संस्था यांचं नातं वर्धेकरांना शिकवायची गरज पडू नये. २००२ च्या होम ट्रेड रोखे प्रकरणात नागपूर, उस्मानाबादसोबत आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेही पैसे अडकले. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. पुढे सरकारी मदतीवर त्यांना सावरावं लागलं. त्या काळात स्वतःच्याच ठेवीसाठी बँकेच्या पायऱ्या चढणारी माणसं आपल्यातलीच होती. सोसायटीचा कारभार बँकेपुढे किरकोळ आहे, पण नियम तोच. सहकारात एकाने बुडवलेला पैसा आकाशातून भरून येत नाही. तो दुसऱ्या सभासदाच्या खिशातून जातो.

आणि सरकारने आपल्याला एक वाईट सवय लावली. नगरपरिषदेच्या घरपट्टीवर थकबाकीला महिन्याला २ टक्के शास्ती आहे. पण अधूनमधून अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. वीज बिलातही तेच, २०२४ मध्ये महावितरणने कायमस्वरूपी वीज तोडलेल्या ग्राहकांना व्याज माफीची अभय योजना दिली. अडचणीतल्या माणसाला सवलत मिळावी, याला ना नाही. पण वेळेवर भरणाऱ्याला कधी कुठली योजना आलीय? त्याला संदेश एकच जातो, थांबला असतास तर तुझेही वाचले असते.

आपल्या जिल्ह्यात गांधीजींचं नाव घेतल्याशिवाय भाषण पूर्ण होत नाही. मीही घेतो, पण वर्गणीच्या कामासाठी. १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस सुरू झाली तेव्हा वर्गणी महिन्याला किमान ५ शिलिंग ठरली. उत्साह मोठा होता, पण दर महिन्याला वर्गणी गोळा करणं किती जड जातं, हे त्यांनी आत्मकथेत सरळ लिहून ठेवलंय. पैशाच्या बाबतीत माणसं कबूल केलेलं वेळेवर देत नाहीत, हा त्यांचाही अनुभव. त्यांनी काय केलं? भरणाऱ्यांवर बोजा वाढवला नाही. मासिक वर्गणी वार्षिक केली, किमान ३ पौंड. गणित करून बघा, ५ शिलिंग गुणिले बारा म्हणजे बरोबर ३ पौंडच. दर तोच राहिला, वसुलीची पद्धत बदलली. उधारीवर काम चालवायचं नाही आणि छोट्यातल्या छोट्या रकमेचीही पावती द्यायची. सेवाग्रामला पाहुणे दाखवायला नेताना आपण कुटी दाखवतो. हा हिशोबही दाखवायला हवा.

म्हणून आमच्या सभेत मी हे पाच मुद्दे मांडणार आहे. तुम्हाला पटले तर तुमच्याकडे मांडा.

१) विषय क्रमांक ४ वर मतदानाआधी थकबाकीची यादी सभेत वाचायची. फ्लॅट नंबर, महिने, रक्कम. कमेंट नको, टोमणे नको, फक्त आकडे.

२) एकदाच, शेवटची सवलत. मूळ रक्कम सहा महिन्यांत पूर्ण भरणाऱ्याला व्याज माफ. मूळ रकमेत एक रुपयाही सूट नाही. तारीख ठरावात लिहायची. त्या तारखेनंतर वसुली दाखल्याचा अर्ज आपोआप, पुन्हा सभेची परवानगी मागायची नाही.

३) वर्षाचे पैसे एप्रिलमध्ये एकदम भरायची सोय. शक्य असेल त्याने भरावेत. दर महिन्याला दार वाजवायचं सेक्रेटरीचं अर्धं काम कमी होईल.

४) सेवाशुल्क ७०० वरच ठेवायचं. त्याशिवाय २५० रुपये, पण सिंकिंग आणि दुरुस्ती निधी म्हणून, वेगळ्या बँक खात्यात. चालू खर्चासाठी त्याला हात लावायचा नाही.

५) दर तीन महिन्यांनी जमाखर्च नोटीस बोर्डावर. ज्याचा हिशोब दिसतो, त्याला पैसे द्यायला माणूस कमी कुरकुरतो.

काही जण म्हणतील, "एवढं सगळं कोण करणार? सेक्रेटरी व्हायला तर कोणी तयार नसतं." खरं आहे. कमिटीत काम करणाऱ्याला पगार नाही, वरून शिव्या. पण कामं चालायला अठरांपैकी चार जण पुरतात. गणपतीच्या वर्गणीला आपण ५०१ हसत देतो, मंडप टाकायला दहा पोरं धावतात. वॉचमनचा पगार द्यायची वेळ आली की त्याच हातांना जडपणा का येतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि त्या सहा फ्लॅटधारकांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना एवढंच सांगतो. तुमचं भांडण असेल तर सभेला या, मांडा, कमिटीला धारेवर धरा, गळती असेल तर मीही तुमच्या बाजूने बोलेन. अडचण असेल तर एकट्याने येऊन सांगा, हप्ते बांधू. पण गप्प बसून शेजाऱ्याच्या पैशावर लिफ्टने वर जाऊ नका.

बाकीच्यांना विनंती, सभा चुकवू नका. कोरम नाही म्हणून सभा अर्ध्या तासाने भरते आणि पाच जण चोवीस जणांचा दर ठरवून मोकळे होतात. मग वर्षभर ग्रुपवर बोंब मारून उपयोग नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये थकबाकी कशी वसूल झाली, कोणी दाखला मिळवला असेल तर किती दिवस लागले, तो अनुभव खाली जरूर लिहा. नावं टाकू नका, मार्ग सांगा. आमच्यासारख्या लहान सोसायट्यांना वकील परवडत नाही, एकमेकांचा अनुभवच कामी येतो.